बी.फार्मला जायचं होतं

आमची आई दिवसासुद्धा अर्धी झोपेत असायची. भाकरी थापता थापता तिचा हात परातीतच थांबायचा, तव्यातून धूर निघायला लागायचा, आणि मग मी म्हणायचे, "आई, तवा." ती दचकायची, हसायची आणि परत थापायला लागायची. तिला आकडी यायची. मला कळायला लागलं तेव्हापासून यायची. बारामतीच्या डॉक्टरांनी तिला रोज घ्यायच्या गोळ्या लावून दिल्या होत्या आणि त्या गोळ्यांनी आकडी बरीचशी आवरली होती. पण आकडीबरोबर आईही आवरली गेली होती. तिचं माहेर कऱ्हाटी. मामा आला की सांगायचा, आक्का लग्नाआधी विहिरीच्या काठच्या थारोळ्यावरून पाण्यात मुटका मारायची, पाणी असं उडायचं की वरची माणसं भिजायची. भांडायला लागली तर आख्खी आळी गप्प बसायची. मी ऐकून घ्यायचे. ती बाई मला कधी भेटलेली नव्हती. मला भेटली ती खांबाला टेकून बसणारी, बोलता बोलता पुढचा शब्द हरवणारी आणि तो सापडेपर्यंत समोरच्याचा हात धरून ठेवणारी आई.

आमचं घर निमगाव केतकीच्या शिवारात, पानमळ्याला लागूनच. विड्याच्या पानांचा मळा ज्यानं आतून बघितला नाही त्याला सांगून कळायचं नाही. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत हिरवा अंधार, पायाखाली गार ओल, आणि डोक्याच्या वर गेलेले वेल. चपला बाहेर काढूनच आत जायचं. मोठ्यानं बोलायचं नाही, असा काही नियम नव्हता. पण अण्णा, म्हणजे माझे वडील, आत हळू बोलायचे आणि ती सवय त्यांना बाहेरही लागली होती. खुडलेल्या पानांच्या पाट्या ओल्या गोणपाटाखाली ओसरीवर ठेवलेल्या असत. त्यांचा तिखट, ओलसर वास घरातल्या सगळ्या गोष्टींना यायचा. माझ्या वह्यांना यायचा, हुलग्याच्या माडग्याला यायचा, अण्णांच्या सदऱ्याला तर धुतल्यावरही यायचा. इंदापूरच्या कॉलेजात शेजारी बसणाऱ्या मुली म्हणायच्या, शालन आली की पान खाल्ल्यासारखं वाटतं. आता त्या मळ्याच्या जागी डाळिंब आहे. डाळिंबाला वास नसतो. भावकीतल्या आजच्या मुलांना मी हे सांगते तेव्हा ती मोबाइलमधून मान वर करून "हो का" म्हणतात.

बारावीत असताना आम्हाला केमिस्ट्रीला एक सर होते. शांत माणूस. प्रयोगशाळेतून सगळे गेल्यावर मी एकदा धीर करून आईच्या गोळ्यांची पट्टी त्यांच्यापुढं धरली आणि विचारलं, "सर, ही गोळी घेतली की माणसाला एवढी झोप का येते?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पट्टीमागचं नाव वाचलं.

"मेंदूवर काम करते, एवढं मला माहीत आहे. पुढचं नाही सांगता येणार."

"मग कुणाला माहीत असतं?"

"जे औषधं तयार करतात त्यांना. तू बी.फार्म कर ना. डिप्लोमा केलास तर दुकानात औषध देशील. डिग्री केलीस तर ते कसं करतात ते शिकशील."

त्या दिवसापर्यंत मी बी.फार्म हा शब्द ऐकला नव्हता. हुशार मुलींनी डॉक्टर व्हायचं, नाहीतर डी.एड. करायचं, एवढंच आमच्याकडं माहीत. पण घरी येताना एसटीत मला एकच दिसत होतं. एक मोठी खोली, पांढरे कोट घातलेली माणसं, आणि त्यांच्यातली मी. मी अशी गोळी करते आहे की जिनं आकडी थांबते पण बाई जागी राहते. सतरा वर्षांच्या पोरीची समजूत ती. औषध असं एकट्यानं एका खोलीत होत नसतं, हे आज मला कळतं. तेव्हा कळलं नाही, ते बरंच झालं. त्या खोलीच्या जोरावर मी बारावीचा अभ्यास केला.

मार्क चांगले पडले. पुण्याला प्रवेशाच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. ठरल्या वेळी स्वतः हजर राहायचं. नाव पुकारल्यावर नसलं तर जागा पुढच्याला. तिकडं हे, आणि इकडं तात्या. तात्या म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ. चुली वेगळ्या झाल्या होत्या, शब्द मात्र त्यांचाच चालायचा. त्यांचा भानुदास दहावीला अडकून घरी बसला होता आणि तात्यांनी त्याच्यासाठी एसटी थांब्याजवळ दुकानाचा गाळा धरून ठेवला होता. तिथं त्यांना मेडिकल काढायचं होतं. मेडिकलला फार्मसी शिकलेल्या माणसाचं नाव लागतं. ते नाव घरातच तयार होतंय, असं त्यांना दिसलं.

"डिप्लोमा बारामतीच्या बाजूलाच होतुय," ते ओसरीवर बसून म्हणाले. "रोज जाऊन येऊन कर. दोन वर्सात दुकान हुबं. भानुदास गल्ल्यावर बसंल, तू खुशाल घरी बस."

"घरी?" मी म्हणाले.

"नाव तुझं असलं म्हंजे झालं. पोरीच्या जातीनं रोज दुकानात कशाला उभं ऱ्हायचं?"

"तात्या, डिग्री वेगळी असती. चार वर्षं असती, त्यात..."

"डी काय नि बी काय, गोळ्याच द्यायच्या न्हवं?"

मी अण्णांकडं बघितलं. अण्णा पाटीवरचं गोणपाट नीट करत होते. खांबाला टेकून बसलेली आई झोपली असावी असं आम्हाला सगळ्यांना वाटत होतं. तिनं डोळे न उघडताच म्हटलं, "तिला पुण्याला जायाचंय."

"तिला काय कळतंय त्यातलं," तात्या अण्णांना म्हणाले, "गुंगीत हाय ती."

"गुंगीत हाय," आई म्हणाली, "भैरी न्हाय."

तात्या हसले. वाईट माणूस नव्हता तो. घरातल्या प्रत्येकाची सोय लावायची आणि मगच जेवायचं, असा त्यांचा स्वभाव. त्यांच्या हिशोबात माझीही सोय लागत होती. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. पुण्याला जाऊन या, मिळतंय का ते बघा, मग बोलू.

मुलाखतीच्या दिवशी नेमकी मळ्यात पानं खुडायला माणसं येणार होती, म्हणून अण्णांना निघता येईना. ठरलं ते असं, की मी आणि आईनं सकाळच्या गाडीनं बारामतीला जायचं. मामा कऱ्हाटीहून स्टँडवर येईल, तो मला पुण्याला घेऊन जाईल. आई तिथून डॉक्टरांकडं जाऊन परत फिरेल. मुलाखत दुपारची होती, वेळ भरपूर होता.

त्या सकाळी आई वेगळीच होती. मी उठायच्या आधी तिनं दशम्या करून, शेंगदाण्याची चटणी कुटून डबा बांधून ठेवला होता. एकही दशमी करपली नव्हती. तिनं माझी वेणी एवढी घट्ट घातली की भुवया ताणल्या गेल्या. गाडीत ती खिडकीपाशी बसली आणि बारामती येईपर्यंत बोलत राहिली. अंथुर्णं आलं, लासुर्णं आलं, हितं तुझ्या मावशीचं लग्न मोडलं व्हतं, हितं एकदा आमची बैलगाडी उलटली व्हती. विहिरीचं तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. पाण्यात पडताना पोटात कसं होतं ते हातवारे करून दाखवलं. पुढच्या बाकावरची बाई वळून हसली. मी आईकडं बघतच राहिले. तिचे डोळे पूर्ण उघडे होते, आणि ते एवढे मोठे आहेत हे मला माहीतच नव्हतं. मला वाटलं, आनंद झालाय तिला.

मामा आधीच आला होता. पुण्याची मोरगाववरून जाणारी गाडी लागलेलीच होती. तो आत चढला, खिडकीजवळच्या जागेवर रुमाल टाकून खाली आला आणि म्हणाला, "बस की गं." आईनं माझा हात धरला. "पोचल्यावर आधी पाणी पी," ती म्हणाली, "आनि नाव पुकारलं की मोठ्यानं..." पुढचा शब्द सापडेना, असं मला वाटलं. मी थांबले. तिची नजर माझ्या डोक्यावरून वर कुठंतरी गेली, घशातून एक आवाज आला, जो मी झोपेतसुद्धा ओळखला असता, आणि ती सरळ मागं पडली.

घरी आकडी आली की काय करायचं ते आम्हाला ठाऊक होतं. कुशीवर करायचं, डोक्याखाली काहीतरी द्यायचं, वाट बघायची. पण घरी आम्हीच असायचो. इथं घटकेत एवढी माणसं जमली की उजेड येईना. कुणी पाय दाबून धरले, कुणी मूठ उघडायला लागलं. "कांदा आणा कांदा!" "चप्पल हुंगवा, चामड्याची पायजे!" एका माणसानं स्वतःच्या पायातली चप्पल काढली. खाली स्टँडवरचा चिखल लागलेली ती चप्पल त्यानं माझ्या आईच्या नाकावर दाबली. चांगल्या मनानंच केलं त्यानं. "सोडा," मी म्हणत होते, "चप्पल नको, सोडा तिला," पण आवाज माझा मलाच ऐकू येत नव्हता. मी एका हातानं तिचं डोकं धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं पदर. त्या चपलेला हात लावायला तिसरा हात नव्हता.

कंडक्टरनं दारातून हाक मारली, "ओ पावनं, येताय का न्हाय?" तो थांबला, नाही असं नाही. आतली माणसं ओरडायला लागली तरी थोडा थांबला. मामा माझ्यापुढं उकिडवा बसला. कपाळावर घाम, टोपी हातात. "शालन," तो म्हणाला, "काय करू गं? तू सांग." माझ्यापेक्षा दुप्पट वयाचा माणूस मला विचारत होता. मी एकटी गाडीत बसले असते का? पुणं मी तोपर्यंत बघितलेलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर तो विचार यायलाही सवड मिळाली नाही; एक झटका ओसरतोय तोवर दुसरा सुरू झाला, आणि असं आधी कधी झालं नव्हतं. डबल बेल झाली. आमच्या जागेवर टाकलेला मामाचा रुमाल तेवढा पुण्याला गेला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चुकवल्या होत्या का?" मी ठामपणे म्हणाले, "नाही." दुपारनंतर अण्णा आले, मळ्यातून तसेच, हाताला पानांचा वास. दिवस कलला तेव्हा आईनं डोळे उघडले. जीभ चावली गेली होती, शब्द जड येत होते. माझ्याकडं बघून ती म्हणाली, "कधी आलीस? मिळाली का?"

तिच्या डोक्यातून स्टँड पुसला गेला होता. तिच्या लेखी मी पुण्याला जाऊन आले होते. मामा फरशीकडं बघायला लागला. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी अण्णाच बोलले. उभ्या आयुष्यात ज्यांनी पाटीतलं एक किडकं पान व्यापाऱ्यापासून लपवलं नव्हतं, ते अण्णा म्हणाले, "मिळाली."

आई हसली. ओठाला रक्त लागलेलं होतं. "मला ठावं व्हतं," म्हणाली आणि झोपली. बाहेर आल्यावर अण्णा मला म्हणाले, "डोक्याला ताण द्यायचा न्हाय म्हणलेत डॉक्टर. हिंडाय-फिराय लागली की सांगू."

दुसऱ्या दिवशी मामा पुण्याला जाऊन विनवण्या करून आला. परत आला तो दवाखान्याच्या पायरीवरच बसला. माझी जागा पुढच्या मुलीला गेली होती. "मी म्हनलो, माझी बहीण पडली. त्यो सायेब म्हनला, लय वाईट झालं. पाणी दिलं मला प्यायला. म्हनला, आता काय करता येत न्हाय." मामा बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. "दोघं बी खरंच बोलत व्हतो गं आमी."

पुढच्या वर्षी परत बघू, असं म्हणायला कुणी तयार नव्हतं. बारावी झालेली पोरगी वर्षभर घरात बसली की स्थळं यायला लागतात, आणि ती परतवायची ताकद अण्णांमध्ये नव्हती. अण्णांनी गुपचूप तात्यांना होकार कळवला. मला त्यांनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी दुसरं काय सांगणार होते? एखाद्यावर राग धरावा म्हणून मी त्या दिवसांत एकेकाला समोर उभं करून बघायचे. अण्णांना, तात्यांना, कंडक्टरला, चपलेवाल्याला, पुण्याच्या त्या साहेबालासुद्धा. कुणावरच तो टिकायचा नाही.

आई घरी आली आणि तिनं वाकळ शिवायला घेतली. पुण्याच्या हॉस्टेलवर अंथरायला. तिची लग्नातली हिरवी साडी जीर्ण झाली होती, ती तिनं वरच्या बाजूला घेतली. आत अण्णांची धोतरं. ओसरीवर पसरून ती दिवसभर टाके घालत बसायची. पानं खुडायला येणाऱ्या बायका जाता-येता विचारायच्या आणि ती सांगायची, "शालन पुण्याला चाललीया. औषधं कराय शिकणार." बायका कौतुक करायच्या. एखादी खाली बसून दोन टाके घालून जायची. सुईत दोरा ओवायचं काम माझं, कारण गोळीच्या अमलात आईला ते भोक दिसायचं नाही. मी दोरा ओवून द्यायचे. ती टाके घालायची. दोरा संपला की न बोलता सुई माझ्यापुढं धरायची आणि मी परत ओवायचे. रोज वाटायचं, आज अण्णा सांगतील. अण्णा सकाळीच मळ्यात शिरायचे ते अंधारून आल्यावर बाहेर यायचे.

शेवटी ते फुटलं तात्यांच्या तोंडून, आणि त्यांच्या मनात काही नसताना. दारातूनच ते म्हणाले, "शालन, बारामतीचं झालं बरं का तुझं. सोमवारी भानुदास येईल संगं."

"बारामतीचं काय?" आईनं विचारलं.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं, वाकळीकडं बघितलं. "हिला सांगितलं न्हाय व्हय कुणी?" ते पुटपुटले. एवढा बोलका माणूस, पण चहाला न थांबता गेला.

आईनं हातातली ओळ शेवटपर्यंत नेली. गाठ मारली. दोरा दातानं तोडला.

"कुठं पडले मी?"

"स्टँडवर. पुण्याच्या गाडीजवळ."

"लय माणसं व्हती?"

"फार नव्हती."

"पदर?"

"मी धरला होता."

तिनं मान हलवली. चपलेचं मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही, पुढंही कधी सांगितलं नाही. टाक्यांवरून बोट फिरवत ती म्हणाली, "गोळी घेतली नव्हती मी. आदल्या दिशी बी न्हाय, त्या दिशी बी न्हाय. झोप येती गं तिनं. तू गाडीत बसताना मला नीट बघायचं व्हतं."

एसटीतले ते उघडे डोळे, विहिरीची गोष्ट, न करपलेल्या दशम्या, सगळं एकदम समोर आलं. मला तिच्या मांडीत डोकं घालायचं होतं आणि तिथून उठून लांब कुठंतरी पळायचंही होतं. दोन्हीतलं काहीच न करता मी बसून राहिले. तिनं सुई माझ्यापुढं धरली.

"आता कशाला, आई?" मी म्हणाले.

"थंडी काय पुण्यालाच पडती व्हय?" ती म्हणाली. "ओव."

मी डिप्लोमा केला. रोज सकाळची तीच गाडी, रोज तेच स्टँड. पुण्याची गाडी लागायची त्या बाजूनं मी जात नसे, एवढंच. शिकवायचे चांगलं. आईच्या गोळीचंही एक पान होतं पुस्तकात. किती द्यायची, कुणाला द्यायची नाही, कशी साठवायची. झोप येते, असं लिहिलं होतं. माझा प्रश्न होता त्याच्या पुढचा, आणि तिथं ते पान संपत होतं. दुकान निघालं. पाटी रंगवायच्या वेळी आईनं अण्णांकरवी तात्यांना निरोप धाडला, की पोरीचं नाव लावायचं असंल तर दुकानात पोरगीच बसंल. तात्या चिडले, पण ऐकलं. गल्ल्यावर भानुदास आणि औषधांच्या बाजूला मी, अशी पुढं कैक वर्षं गेली. डिग्री करायची राहिली ती राहिलीच.

दुकान सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील. भरदुपारची वेळ, रस्त्यावर कुणी नाही, भानुदास जेवायला गेलेला. आई आली. आता गोळ्यांसाठी तिला बारामतीला जायचं कारण उरलं नव्हतं. ती आत न येता गिऱ्हाइकासारखी काउंटरपुढं उभी राहिली, डॉक्टरांची चिठ्ठी पुढं केली. मी पट्टी काढली, तारीख बघितली, पाकिटात घालून दिली. तिनं पाकीट हातात घेतलं, पण हलली नाही. शब्द शोधत असावी, म्हणून मी थांबले.

"शालन, पुण्याला शिकली असतीस," ती म्हणाली, "तर मला हीच गोळी दिली असतीस का दुसरी?"

"हीच," मी म्हणाले.

"खरं?"

"खरंच. हीच दिली असती, आई."

तिनं माझ्या तोंडाकडं नीट बघून घेतलं. मग पाकीट कमरेला खोचलं, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून, सावकाश, पलीकडं गेली.